सत्तेचाळीस नंबरची फाईल

नाव नसलेली फाईल आली की कांतीशेठ आधी चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे, परत डोळ्यांवर चढवायचे आणि कॉम्प्युटरच्या पडद्याला विचारायचे, "कोण रे बाबा तू?" हे ते मनात म्हणायचे नाहीत. दारात अनोळखी पाहुणा उभा असावा तसे मोठ्याने विचारायचे. नवं गिऱ्हाईक दचकायचं. जुनी माणसं एकमेकांकडे बघून हसायची. शेठ मात्र उत्तर मिळेपर्यंत पडद्यावरून नजर काढत नसत.

ओतूरच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांचे पणजोबा मारवाडातून आले म्हणे, पण शेठची बोली आमच्यासारखीच होती. फक्त फोनवर नातेवाइकांशी बोलताना ते मारवाडी बोलायचे, तेव्हा ते वेगळेच कुणी वाटायचे. बायको वारलेली, एकुलती मुलगी पुण्याला दिलेली. दोन हजार सालच्या आसपास त्यांनी दुकानाच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन घातलं. पुढे शाळेच्या गणवेशाचं कापड आणि मागे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि टेलिफोनच्या तारेवर चालणारं इंटरनेट. गावोगावच्या लोकांचे ईमेल शेठच्याच पत्त्यावर यायचे. वय पन्नाशीच्या पुढचं. पेठेतली माणसं म्हणायची, "शेठ, कापड इकायचं सोडून ह्या नसत्या उचापती कशाला?" शेठ म्हणायचे, "कापडाला लेबल असतंच की राव. त्यात माझं काय काम?"

मी तिथे झाडलोट करायला जायचे. नवऱ्याने मला माहेरी आणून सोडलं त्याला दोन वर्षं झाली होती. सकाळच्या जीपने पिंपरी पेंढारहून यायचे, दुकान झाडायचे, फडक्याने सगळं पुसायचे, पिण्याचं पाणी भरायचे. माझी शाळा चौथीत सुटली. आई गेली तेव्हा माझा भाऊ भरत दीड वर्षाचा होता, त्याला बघायला कुणीतरी घरात हवं होतं. मला माणसांसमोर बोलायची पहिल्यापासून भीती वाटते. त्यामुळे पार्टिशनच्या फटीतून जे दिसायचं आणि ऐकू यायचं, त्यावरच मी शेठना ओळखायला शिकले.

फायलींना नाव देण्याचा त्यांचा नाद एका फजितीतून सुरू झाला. आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावकडचं एक कुटुंब मुलीसाठी स्थळ म्हणून आलेल्या मुलाचा फोटो बघायला येणार होतं. मुलगा नोकरीला लांब, त्याने फोटो ईमेलने पाठवलेला. फाईलचं नाव नुसतं इमेज शून्य शून्य एक. दुसऱ्या दिवशी एका द्राक्षवाल्याला औषध फवारायच्या पंपाचा फोटो आला, त्याचंही नाव तेच. कॉम्प्युटरने विचारलं, ह्या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? शेठनी हो म्हणून टाकलं. मग मुलीचे वडील, मामा आणि आत्या खुर्च्यांवर सरसावून बसले आणि पडद्यावर आला पंप. मामा बराच वेळ बघत होता. म्हणाला, "पोरगं दणकट हाय, पर रंगानं लई हिरवं हाय." सगळे हसले. शेठ हसले नाहीत. मुलाला परत फोटो पाठवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून एक लांबट लाल वही केली. डाव्या बाजूला फाईल कुठल्या नावाने आली ते, उजव्या बाजूला शेठनी दिलेलं नाव. "पिं. पेंढार शाळा, बदलीचा कागद." "डिंगोरे, आजीचा एक्सरे." शेठ सूर्य मावळायच्या आत जेवणारे होते. जेवणाआधी दिवसभरातल्या प्रत्येक फायलीला नाव मिळालं पाहिजे, हा नेम त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतला. म्हणायचे, "कुणाला बिननावाचं ठिवून जेवाय बसलो तर घास उतरत न्हाई."

नावं का हरवतात हे त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं, पण पुसता पुसता माझा हात थांबला होता, तो त्यांनी पाहिला. "पाठवनारा मराठीत न्हाईतर गुजरातीत नाव लिहितो. वाटंतल्या मशिनींना ती अक्षरं वाचता येत न्हाईत. मग त्या जागी प्रश्नचिन्हं टाकत्यात. काई मशिनी तर आख्खं नावच काढून घेत्यात आन एटीटी म्हणून नुसता नंबर देत्यात. पर आतला माल शाबूत असतो, इंदूबाई. चिठ्ठी गळाली म्हणून गठ्ठ्यातलं कापड बदलत न्हाई."

निमगाव साव्याचे एक निवृत्त गुरुजी होते, त्यांची मुलगी अमेरिकेत. तिला मुलगा झाला आणि तिने फोटो पाठवला, तो विनमेल नावाच्या फाईलमध्ये बंद होऊन आला. शेठनी फाईलच्या नावाच्या शेपटाला, टिंबापुढे, फोटोची खूण लावून पाहिली, काही होईना. मग म्हणाले, "गुरुजी, ही फाईल न्हवं, पेटी हाय. कुलूप लावून पाठवलीय आन किल्ली तिकडंच राह्यली." गुरुजी दुसऱ्या दिवशी परत आले, तिसऱ्या दिवशीही आले. शेठनी मुलीला चार ओळींचं पत्र टाइप केलं, तिच्या ईमेलच्या प्रोग्राममधली कुठली खूण काढायची आणि साधा मजकूर म्हणून कसं पाठवायचं ते. चौथ्या दिवशी फोटो उघडला. गुरुजींनी पडद्याला बोट लावलं. "नाक आमच्याकडचं आहे," म्हणाले.

"नाकाचं मागनं बघू, गुरुजी. नाव काय ठिवलं?"

"अजून काहीच ठेवलं नाही."

शेठ वही पुढ्यात घेऊन अडून बसले. शेवटी त्यांनी लिहिलं, "निमगाव सावा, गुरुजींचा नातू, पहिला." गुरुजींनी ते नाव प्रिंटच्या मागेही लिहून घेतलं.

भरत घरातून गेला ते ह्याच्या आधीच्या वर्षी. त्याने दुपारी पाण्याचा कॉक उघडा ठेवला आणि कांद्याचं सगळं रोप वाहून गेलं. वडिलांनी, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, चार मजुरांसमोर त्याच्या थोबाडीत दिली. बावीस वर्षांचा पोरगा. त्याने फावडं बांधावर ठेवलं, पाटात पाय धुतले आणि हायवेच्या दिशेने चालू लागला. मी ओसरीतून बघत होते. हाताला पीठ लागलेलं होतं. हाक मारावीशी वाटली, पण मजूर होते म्हणून मारली नाही. वाटलं, संध्याकाळी येईल. नंतर टोमॅटोच्या ट्रकवाल्याने सांगितलं की त्याला गुजरातेत सोडलंय. कुठल्या गावी, ते त्यालाही नीट सांगता येईना.

हे मी शेठना आपणहून कधीच सांगितलं नसतं. एक दिवस पडद्यावर कुणातरी पोराचा फोटो होता आणि मी फडकं हातात घेऊन बघत राहिले. शेठ म्हणाले, "तुजं कोण हरवलंय?" मी तीन वाक्यांत सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी भरतचा फोटो आणायला लावला. जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला, खिशात कंगवा आणि डाव्या भुवईत बैलाचं शिंग लागल्याची खाच. तो फोटो शेठनी गुजरातेतल्या आपल्या सगळ्या सोयऱ्यांना पाठवला. "आमचं येक तरी मानूस परत्येक बाजारात हाय. दवाखान्यात, हाटेलात, आश्रमात असा कुणी दिसला तर फोटो पाठवा म्हणून कळवलंय."

दोन वर्षांत आठ-नऊ फोटो आले. कपबश्या विसळणारा एक, देवळाच्या पायरीवर बसलेला एक, एक तर चाळिशीचा होता. फायलींची नावं बहुतेक प्रश्नचिन्हंच असायची. शेठ चष्मा पुसायचे, विचारायचे, "कोण रे बाबा तू?" आणि फोटो उघडला की पडदा माझ्याकडे वळवायचे.

"न्हाई?"

"न्हाई."

मग ते वहीत लिहायचे, "वापी, हाटेल, निळा शर्ट, भरत न्हवं." मी एकदा धीर करून म्हणाले, आपला नाही तर कशाला लिहिता? ते म्हणाले, "आपला न्हवं, पर कुणाचा तरी आसंल की."

एक दिवस आण्णा माझ्याबरोबर आले होते. शेठना द्यायला घरच्या घेवड्याच्या शेंगा आणल्या होत्या. शेठ कांदा-लसूण खात नाहीत हे त्यांना माहीत होतं. सकाळी शेठच्या गुजरातेतल्या मावसभावाचा फोन आला. शेठ मारवाडीत बोलत होते, मग बोलायचे थांबले आणि नुसते ऐकत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "मेल येतोय." आण्णा स्टुलावर बसले. लाइन हळू होती, फाईल उतरायला बराच वेळ लागला. शेठनी चष्मा पुसला. "कोण रे बाबा तू?" म्हणाले. नेहमीपेक्षा हळू म्हणाले. त्यांचा हात माऊसवर हलला आणि तिथेच राहिला. पडदा त्यांच्याकडे होता.

आण्णा म्हणाले, "आलं का, शेठ?"

"आलंय. उघडंना."

"म्हंजी काय झालं?"

"वाटंत खराब झाली, आण्णा."

"मग परत मागवायची."

"मागवतो."

त्यांनी पडद्याचं बटण बंद केलं. वहीत डाव्या बाजूला काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. आण्णा उठले, पिशवीतल्या शेंगा टेबलावर ठेवल्या. म्हणाले, "कवळ्या हायत, आजच करा." दुपारनंतर ऊन पार्टिशनवरून खाली उतरलं तरी शेठचा डबा तसाच होता. मी बाहेरूनच म्हणाले, "शेठ, सूर्य चालला." ते म्हणाले, "आज उपास हाय." त्यांच्यात उपास पुष्कळ असतात, मला खरं वाटलं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं. मी घाबरून उभीच राहिले. म्हणाले, "बस हितं. आजपास्नं शिकायचं."

"मी चौथी शिकलेली, शेठ."

"फायलीला तुजी इयत्ता कुठं ठाव हाय?"

मला वाटलं, नवऱ्याने सोडलेली बाई दिवसभर झाडू घेऊन फिरते म्हणून त्यांना दया आली असेल. त्यांनी कापडाच्या गठ्ठ्यातला पुठ्ठा कापून त्यावर मोठ्या अक्षरांत खुणा लिहून दिल्या. नाव नसलेली फाईल आधी नोटपॅडमध्ये उघडायची. आत सगळा कचरा दिसतो, त्याला भ्यायचं नाही. फक्त पहिली ओळ बघायची. तिथे जे एफ आय एफ अशी अक्षरं दिसली तर तो फोटो. टक्क्याची खूण आणि पुढे पी डी एफ असेल तर कागद. डोक्यावर दोन टिंबं असलेला आय दिसला तर वर्डचं पत्र. मग बंद करायची, नावाच्या शेपटाला तशी खूण लावायची आणि उघडायची. इंग्रजी अक्षरं मी तिथेच शिकले, पुठ्ठ्यावरून बोट फिरवून. पहिल्यांदा मी एक फाईल स्वतः उघडली, कुणाचं तरी नोकरीचं पत्र होतं, तेव्हा शेठ खुर्चीमागे उभे होते. मी वळून पाहिलं. ते आनंदले असतील असं वाटलं होतं. ते बाहेर पेठेकडे बघत होते. मला वाटलं, मी काहीतरी चुकले.

घरी आण्णा रोज ओसरीत बसून माझी वाट बघायचे. चपला काढायच्या आत विचारायचे, "ती फाईल उघडली का गं?" मी म्हणायचे, शेठनी परत मागवलीय. मी शेठना विचारायचे, ते म्हणायचे, "येईल." आण्णांची बहीण, आमची आत्या, आमच्याकडेच राहायची. तिला दिसायचं कमी. ती म्हणायची, "आरं, कागद वाटंत भिजला तरी वाळवून वाचता येतो, ही कसली फाईल?" आण्णा तिला समजवायचे, शेठकडून ऐकलेलं सगळं तसंच सांगायचे. प्रश्नचिन्हं, नंबर, वाटेतल्या मशिनी. भरतच्या ताटावर तेवढे दिवस दुसरं कुणी जेवलं नाही.

आण्णा दोन वर्षांनी गेले. सकाळीच गेले. कुणीतरी म्हणालं, एकुलता पोरगा आहे, कुठून तरी कळलं तर येईल, थांबू या. म्हणून थांबलो. ऊन डोक्यावर आलं, मग कललं. मी उंबऱ्यातून हायवेकडे बघत होते आणि आत्या दर थोड्या वेळाने विचारत होती, "जीप थांबली का?" शेठ आले होते. चिंचेखाली उभे होते. शेवटी चुलत्याच्या मुलाने अग्नी दिला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. घेवड्याची भाजी ठेवली, नव्या टोपीचं कबूल केलं, शेताचं कबूल केलं. कावळे झाडावर बसून राहिले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या माणसांत मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. हात जोडून म्हणाले, "आण्णा, मी भरतला शोधीन. त्याला घरी आणीन." कावळा खाली उतरला. बायका रडायला लागल्या. मी मागे वळले तर शेठ घाटाच्या पायऱ्या चढून निघाले होते. त्यांचा पाय दोनदा अडखळला.

आणखी दोन वर्षं गेली. शेठच्या डोळ्यात मोतीबिंदू आला, मुलीने ऑपरेशनला पुण्याला नेलं. जाताना दुकान माझ्यावर सोपवलं. नवा कॉम्प्युटर यायचा होता, जुन्यातल्या सगळ्या फायली सीडीवर उतरवायच्या होत्या. म्हणाले, "वहीशी ताडून बघ. येक बी ऱ्हायली न्हाय पायजे." दाराशी जाऊन ते परत आले, वहीवर हात ठेवला, मग गेले.

मी एकेक ओळ ताडत होते. डावीकडे प्रश्नचिन्हं, उजवीकडे माणसं. लिहिलेल्या पानांच्या मधोमध एके ठिकाणी डाव्या बाजूला एटीटी०००४७ लिहिलेलं होतं आणि उजवी बाजू कोरी. मागच्या-पुढच्या सगळ्या पानांत तेवढी एकच ओळ कोरी. मला कळलं, हीच ती वाटेत खराब झालेली फाईल. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. तेव्हा शेठना जमलं नसेल, पण आता मला येतं. कदाचित थोडीच खराब असेल. कदाचित मी ती नीट करीन आणि शेठ परत आले की त्यांना भरत कुठे आहे ते दाखवीन. मी हात धुऊन आले.

नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्या ओळीत जे एफ आय एफ. चारही अक्षरं जागच्या जागी. खराब झालेल्या फाईलची सुरुवात बिघडलेली असते, नाहीतर ती मध्येच तुटते. ही शेवटपर्यंत पूर्ण होती. चार वर्षांपूर्वी उतरली तशीच. मी बराच वेळ त्या चार अक्षरांकडे बघत बसले. मग शेपटाला खूण लावली. सवयीने तोंडातून निघालं, "कोण रे बाबा तू?"

पांढरी चादर गळ्यापर्यंत. नाकात कापूस. छातीवर पाटी, पाटीवर आकडा. दाढी वाढलेली होती, गाल आत गेले होते. भुवईतली खाच तशीच.

मी पडदा बंद केला नाही. दुकानाला कुलूप लावून घरी गेले. आत्याने विचारलं, "आज लवकर?" मी म्हणाले, "लाइट न्हाई." तिसऱ्या दिवशी शेठ आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि बाजूला उभी राहिले.

"फाईल उघडली, शेठ. खराब न्हवती."

ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले, आण्णा बसले होते त्याच. "न्हाई," म्हणाले. "खराब न्हवती."

"आण्णांना का न्हाई सांगितलं?"

"सांगनार व्हतो. म्हातारा समोर बसला व्हता, म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिशी तू आलीस आन म्हणलीस, आण्णांनी इचारलंय, शेंगा कवळ्या निघाल्या का. मग रोज उद्या म्हणत ऱ्हायलो."

"माझ्या बापाचं मढं दिवसभर ठिवलं आमी. वाट बघत. तुमी चिंचंखाली हुबं व्हता."

त्यांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली.

"नदीवर मी कबूल केलं, भरतला आणीन म्हणून. तेबी ऐकलं तुमी."

"ऐकलं."

"मला तरी सांगायचं."

"तुला शिकवलं की, इंदूबाई." त्यांनी खुणांच्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. "माज्या तोंडनं निघंना. म्हटलं कवा तरी तुज्या हातानं उघडशील."

मग त्यांनी पाकिटातून घडी झिजलेला एक कागद काढला. भरत गुजरातेतल्या एका सरकारी दवाखान्यात तापाने गेला होता. कुणीतरी आणून सोडलेला, चार दिवस बिननावाचा पडून होता. शेठच्या मावसभावाने फोटोवरून ओळखला. बेवारस म्हणून जाऊ नये म्हणून आपला भाचा सांगून ताब्यात घेतला आणि अग्नी दिला. कागद स्मशानातला होता, गुजराती अक्षरांत. "त्यानं रातच्याला परत फोन करून इचारलं, नाव काय लिहू. म्या सांगितलं. भरत, पिंपरी पेंढार. तिथं सांगितलं, हितं लिहवंना."

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "नाव तू दे."

मी झाडू जागेवर टेकवला. माझा डबा घेतला, तो कागद घेतला आणि निघून आले. परत त्या दुकानात गेले नाही. शेठनी दोनदा जीपवाल्याकडे निरोप धाडला. मी उत्तर दिलं नाही. त्यांनी माझ्या भावाला सरणावर एकटं जाऊ दिलं नाही, हे मला कळत होतं. माझ्या बापाला चार अक्षरं सांगितली नाहीत, हेही कळत होतं. एकाने दुसरं कमी होत नव्हतं.

एकदा ते स्वतः घरी आले. बरेच वाळले होते. ओट्यावर बसून पाणी प्यायले. आत्याने आवाजावरून ओळखलं आणि विचारलं, "शेठ, ती फाईल उघडली का हो?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चौकटीला धरून उभी होते. आत्या ऐंशीच्या घरातली, भरतला तिनेच कडेवर घेऊन फिरवलेलं. मी बोलेन म्हणून शेठ थांबले. मी बोलले नाही. मग ते म्हणाले, "ती फाईल आता इंदूबाईकडं हाय, आत्याबाई." सूर्य खाली आला होता. मी जेवा म्हणाले नाही. ते उठले, हायवेपर्यंत चालत गेले.

दुकान त्यांनी त्याच वर्षी बंद केलं. लोकांच्या हातात मोबाईल आले होते. ते मुलीकडे पुण्याला गेले आणि तिथेच वारले. मला महिन्याने कळलं. मुलीने जीपवाल्याबरोबर एक पुडकं पाठवलं. त्यात लाल वही, एक सीडी आणि खुणांचा तो पुठ्ठा होता. वहीवर चिठ्ठी होती, "बाबांनी इंदूबाईंना द्या म्हणून सांगितलं होतं."

ही वही निम्मी कोरी राहिली होती. तिच्याच मागच्या पानांवर मी हे लिहिते आहे. इतकं लिहिलं, शेठचं लिहिलं, आण्णांचं लिहिलं, भरतचं नाव कितीदा तरी आलं. पण पानं मागे उलटून त्या ओळीपाशी गेले की पेन टेकत नाही. उजवी बाजू अजून कोरी आहे. शेठवर मी इतकी वर्षं राग धरला, तो आता कुठे ठेवावा ते मला समजत नाही.

आज दुपारी आत्या ओसरीत लसूण सोलत बसली होती. मला वहीची पानं उलटताना तिने ऐकलं.

"इंदे, ती फाईल उघडली का गं?"

"न्हाई, आत्या. वाटंत खराब झालीय."

"परत मागवायची मग."

"मागवलीय," मी म्हणाले.